अँगलच्या खांबाला काटेरी तार बांधताना गाठ कुठे तुटते आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. काळ्या मातीतलं एक एकराचं शेत. भोवती ४० बाय ४० बाय ५ मिमीचे लोखंडी अँगल, दर दहा फुटांवर एक. पाच ओळी काटेरी तार. अँगलला आधीच भोकं पाडलेली होती, त्यांतून सळई बांधायच्या काळ्या तारेनं काटेरी तार बांधली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर निम्म्या गाठी तुटल्या, तार लोंबली, आता धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची जनावरं मान घालून आतलं पीक खातात. परत बांधायची तर कशानं आणि कशी? काटेरी तारच भोकातून ओवून घेतली तर? की सरळ वेल्डिंग मारावं?

ओवू नका आणि वेल्डिंगही मारू नका. त्याची कारणं पुढे येतीलच. आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण गाठी तुटायचं अर्धं मूळ तिच्यात आहे. कुंपणात दोन वेगवेगळी कामं असतात. तारेची ओढ धरून ठेवायचं काम फक्त कोपऱ्याच्या आणि टोकाच्या खांबांचं. मधल्या खांबांचं काम एवढंच, की तार ठरलेल्या उंचीवर राहिली पाहिजे, वर-खाली सरकता कामा नये. मधल्या गाठीनं ओढ धरायचीच नसते. कोपरा झुकला की त्याची ओढ मधल्या गाठींवर येते, आणि त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या तारेच्या गाठी आहेत. त्या एकेक करून जातात. म्हणून तुटलेल्या गाठी मोजण्याआधी चारही कोपऱ्यांना ओळंबा लावून बघा. खांब वरच्या टोकाला इंचभर जरी आत झुकला असेल, तर नुसत्या गाठी बदलून पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा करावं लागेल.

आता गाठीची तार. सळई बांधायची काळी तार ही १८ किंवा २० गेजची, भट्टीत मऊ केलेली आणि जस्ताचा थर नसलेली असते. तिला काँक्रीटच्या आत राहायचं असतं, उघड्यावर नाही. १८ गेज म्हणजे जेमतेम १.२ मिमी जाडी. गंजानं दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर खाल्लं की निम्म्याहून थोडीच जास्त जाडी उरते, आणि ताकद तर एक तृतीयांशाच्या आसपास येते. कोकणात खाऱ्या वाऱ्यावर ती एकाच पावसाळ्यात जाते, विदर्भात दोन काढते, एवढाच फरक. गाठीसाठी जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे जी.आय. तार घ्या, १४ गेजची, साधारण २ मिमी. १२ गेज (अडीच मिमी) आणखी टिकते, पण हातानं वळवताना घाम काढते आणि पक्कड नीट न धरली तर गाठ सैल राहते. मधल्या खांबांना १४ गेज पुरते.

तार घेताना दुकानातच एक तुकडा तिच्याच जाडीच्या खिळ्याभोवती पाच-सहा वेढे गुंडाळून बघा. मुलाम्याचे पापुद्रे सुटले तर ती तार गाठीच्या कामाची नाही. गाठ म्हणजे वळणच, आणि नेमकं वळणावरच जस्त गेलं तर उपयोग काय?

शेतावर हाताशी असते म्हणून मोटार रिवायंडिंगची जुनी तांब्याची तार बऱ्याच कुंपणांवर दिसते. ती स्वतः गंजत नाही, हे खरं. पण ओलाव्यात तांबं आणि जस्त एकमेकांना चिकटून राहिले की तांबं जस्ताला खातं. गाठ शाबूत राहते आणि तिच्याखालची काटेरी तार कुजते. हा सौदा उलटा आहे. जुन्या सर्व्हिस वायरची ॲल्युमिनियमची तार जस्ताला त्रास देत नाही, पण दोन-चारदा हलली की पिचून तुटते. प्लॅस्टिकचे पट्टे उन्हानं ठिसूळ होतात, त्यांचा विचारच नको.

गाठ कशी घालायची ते आता जवळून बघू. अँगल असा रोवलेला हवा की त्याची एक पट्टी कुंपणाच्या रेषेत आणि दुसरी शेताच्या आत वळलेली. काटेरी तार रेषेतल्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, भोकाच्या अगदी खालून जाईल अशी ठेवायची. १४ गेज तारेचा ३० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि मधोमध इंग्रजी यू सारखा वाकवा. यू ची पाठ पट्टीच्या मागे, म्हणजे शेताच्या बाजूला. एक पाय भोकातून बाहेर काढा, दुसरा पट्टीच्या मोकळ्या कडेवरून वळवून बाहेर आणा. आता दोन्ही टोकं तुमच्याकडे आहेत, मध्ये पट्टीचा तुकडा पकडला आहे. भोकातून आलेलं टोक काटेरी तारेच्या अंगावरून तिरपं खाली, अँगलच्या कोपऱ्याकडे न्या आणि खांब संपल्यावर पलीकडच्या मोकळ्या तारेला तीन वेढे द्या. कडेवरून आलेलं टोक तारेच्या खालून वर घेऊन आपल्या बाजूला तीन वेढे. वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत, आणि काटेरी तारेच्या दोन पदरांना जो पीळ आहे त्याच दिशेनं फिरवलेले. मग ते पिळाच्या खाचेत बसतात; उलटे फिरवले तर पदरांवर चढून राहतात आणि हलता हलता सुटतात. शेवटचं टोक पाच मिमी ठेवून कापा आणि पक्कडीनं तारेवर दाबून टाका. उभं राहिलेलं टोक जनावराच्या आधी तुमच्याच हाताला लागतं.

सर्रास घालतात ती गाठ वेगळी असते. यू पुढून तारेवर घालायचा, दोन्ही टोकं मागे न्यायची आणि पक्कडीनं एकत्र पिळायची. ती पटकन होते, पण तिची सगळी ताकद त्या एका पिळात असते. हाताला जोर असलेला माणूस सहा-सात पीळ मारतो, तार पिळाच्या मुळाशी कडक होते, आणि तिथेच जस्तही तडकतं. पहिली तुटते ती तीच जागा. तुमच्या तुटलेल्या गाठी पाहा, जवळजवळ सगळ्या पिळाच्या मुळाशी तुटलेल्या सापडतील. ही गाठ घालायचीच तर साडेतीन पिळांवर थांबा. माझं मत विचाराल तर वेढ्याची गाठच घाला. एका गाठीला अर्धा मिनिट जास्त लागेल, तेवढंच.

गाठ किती घट्ट? तार पट्टीला टेकली पाहिजे, चेंगरली नाही पाहिजे. थंडी-उन्हानं तार आखडते, सैल होते, तेव्हा तिला थोडं इकडे-तिकडे सरकायला वाव लागतो. काटेरी तारेत काटे अडतात त्यामुळे ती फार सरकत नाहीच, पण दोन-चार मिलिमीटर तरी सरकू द्यावं.

तार कोणत्या अंगाला, याकडे फार जण दुर्लक्ष करतात. जिकडून रेटा येतो तिकडच्या अंगाला तार हवी. बाहेरची गुरं आत घुसत असतील तर तार बाहेरून. मग गुरांनी रेटली तरी ती खांबावर दाबली जाते, गाठीवर भार येत नाही. आतून बांधलेली तार रेटली की सगळा जोर त्या दोन मिलिमीटरच्या गाठीवर. स्वतःची जनावरं आत कोंडायची असतील तर हेच उलटं. फक्त धुरा जिथे वळण घेतो तिथे गुरांचा हिशेब सोडा आणि तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला घ्या, कारण ताणलेली तार नेहमी वळणाच्या आत यायला बघते.

आता ओवण्याचं. १२ गेजची काटेरी तार काट्यांसकट भोकातून जायला किमान इंचाचं भोक लागतं. चाळीस मिमीच्या पट्टीत पंचवीस मिमीचं भोक पाडलं तर खांबात राहिलं काय? शिवाय तार भोकाच्या कडेवर घासत राहते आणि एका जागी तुटली तर सगळी ओळ सोडून पुन्हा ओवावी लागते. द्राक्षाच्या मांडवात तार अँगलच्या भोकातून ओवतात ते तिथे चालतं, कारण ती गुळगुळीत असते आणि तिला सरकायचंच असतं. काटेरी तारेला तो न्याय लागू नाही. काही ठिकाणी भोकाऐवजी ग्राइंडरनं पट्टीच्या कडेला खाच मारून तार तिच्यात बसवतात. खाच म्हणजे रंग आणि मुलामा नसलेली उघडी धार. ती तिथूनच गंजते, आणि तीच धार तार कापते.

वेल्डिंगनं तारेवरचं जस्त जळतं, त्याचा पांढरा धूर छातीला बाधतो, आणि अडीच मिमीची तार टाक्याच्या शेजारी ठिसूळ होऊन पहिल्या थंडीतच तटकन तुटते.

तुमच्या अँगलची भोकं एकदा तपासा. ड्रिलनं पाडलेलं ८ मिमीचं, म्हणजे अडीच सुताचं भोक उत्तम. गॅसनं जाळून पाडलेली असतील तर कडा करवतीसारख्या असतात आणि गाठीची तार आतून कापतात. बारा मिमीचं बिट हातानं दोन फेरे फिरवलं तरी कड मोडते. मग ब्रशनं भोकात झिंक प्रायमर, तो नसेल तर रेड ऑक्साइड. नवीन भोकं पाडायची झाली तर जमिनीपासून १५, ४०, ७०, १०५ आणि १४५ सेंटिमीटरवर घ्या. खालची अंतरं कमी, वर वाढत जाणारी. शेळी आणि रानडुक्कर खालून घुसतात, वरून नाही. रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारतो, त्याला पाच फुटांची तार अडवत नाही, कितीही घट्ट बांधा.

आता कोपरा, कारण खरं दुखणं तिथे आहे. एका ओळीत साधारण १०० किलोची ओढ धरली तर पाच ओळींची ५०० किलो झाली. वर दिलेल्या उंचींचा हिशेब केला तर जमिनीच्या पातळीला खांबावर सुमारे ३७५ किलो-मीटरचा वाकवणारा जोर येतो. म्हणजे मीटरभर उंचीवर पावणेचारशे किलो आडवे ओढल्यासारखं. ५० बाय ५० बाय ६ चा अँगलसुद्धा एकटा एवढं पेलत नाही, वाकतो. ४० चा तर नाहीच नाही. त्याला तिरपा टेकू लागतोच, आणि टेकू कुठे लावला यावर सगळं अवलंबून आहे. टेकूचा पाय कुंपणाच्या रेषेतच, तार ज्या दिशेला जाते त्या बाजूला रोवायचा. तार खांबाला आपल्याकडे ओढते, टेकू त्याला उलट ढकलतो. पुष्कळ शेतांवर टेकू बाहेरच्या बाजूनं, भिंतीला बांबू लावावा तसा लावलेला दिसतो. तो खांबाला काहीच अडवत नाही, फक्त दोन बोल्टवर लोंबकळतो. कोपऱ्यावर दोन रेषा येतात, म्हणून दोन टेकू, एकेका रेषेत एक. टेकूचं वरचं टोक खांबाच्या जमिनीवरच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर, १२ मिमीच्या म्हणजे चार सुताच्या बोल्टनं पक्कं, कोन ४५ अंशांच्या आसपास. सरळ लांब रेषेतही दर पंधराव्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा. सरकारी कामांच्या तपशिलातही हाच आकडा असतो, आणि तो अनुभवानं बरोबर ठरलेला आहे.

काळ्या मातीत कोपऱ्याचा खड्डा ४५ बाय ४५ सेंटिमीटर आणि ७५ खोल घ्या. एक-दोन-चारच्या (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीटला एका खड्ड्यासाठी जवळजवळ एक पोतं सिमेंट लागतं. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता खणू नका. पावसात माती फुगते तेव्हा ती निमुळत्या ठोकळ्याला गाजरासारखी वर उपसते. बाजू सरळ आणि तळाशी थोडा जास्त रुंद, असा हवा. अँगलच्या तळाला आडवा तुकडा वेल्ड करा, म्हणजे तो काँक्रीटमधून सुटून येत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणून चारी बाजूंनी उतरता करा. अँगल सगळ्यात आधी कुजतो तो माती आणि हवेच्या सांध्यावर, तिथे पाणी साठू द्यायचं नाही. कमीत कमी सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच तार ओढा. कालचं काँक्रीट आज ओढायला घेतात आणि मग कोपरा बसला नाही म्हणून मातीला दोष देतात!

टोकाच्या खांबाला तार अशी बांधायची. ज्या भागाचा वेढा खांबाला बसणार त्या फूटभर तारेवरचे काटे कटरनं काढून टाका. अँगलची कड कानशीनं मोडा. ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळीचा तुकडा त्या भागावर सरकवा, म्हणजे जस्त थेट लोखंडाच्या धारेवर बसत नाही. तार खांबाभोवती दीड वेढा फिरवून परत आपल्याच अंगावर आणा, तिचे दोन पदर पीळ उलगडून वेगळे करा आणि प्रत्येक पदराचे उभ्या तारेवर पाच-सहा घट्ट वेढे द्या, आधी एका पदराचे, त्याच्या पुढे दुसऱ्याचे. दोन पदर एकत्र गुंडाळले तर वेढे कधीच चिकटून बसत नाहीत. मध्ये तार जोडायची झाली तर दोन्ही टोकांना फासे करून एकमेकांत अडकवा आणि शेपट्या अशाच गुंडाळा.

ओढायला साखळीचा पुलर किंवा रॅचेट वापरा. पहारीला तार गुंडाळून ओढली तर पन्नास मीटरपर्यंत चालतं, पण ओढ धरून ठेवून दुसऱ्यानं गाठ मारेपर्यंत निम्मी सुटते. ट्रॅक्टरनं ओढू नका. किती ओढली ते कळत नाही आणि तार तुटून उलटी आली तर माणूस फाडते. ओढताना हातमोजे आणि चष्मा घाला आणि तारेच्या रेषेत कुणीही उभं राहू नका. १२ गेजची दोन पदरी तार पावणेचारशे किलोच्या आसपास तुटते, म्हणून १०० किलो ओढ बेताची. ती मोजायला यंत्र लागत नाही. दोन खांबांच्या बरोबर मध्ये, दहा फुटांच्या गाळ्यात, पाच लिटर पाण्याचं कॅन तारेला टांगा. तार चारेक सेंटिमीटर खाली आली तर ओढ बरोबर आहे. सात-आठ सेंटिमीटर आली तर निम्मीच आहे. दोन सेंटिमीटरही आली नाही तर जरा सोडा.

ऋतूचा हिशेबही धरा. पन्नास मीटर तार ३५ अंशांच्या फरकानं साधारण २१ मिलिमीटर लांब-आखूड होते. मे महिन्याच्या दुपारी १०० किलोवर ओढलेली तार डिसेंबरच्या पहाटे दीडशेच्या पुढे जाते, आणि तो जास्तीचा भार कोपऱ्यावरच येतो. उन्हाळ्यात दुपारी ओढत असाल तर कॅननं सहा सेंटिमीटर झोळ दाखवला तरी पुरे.

सगळ्यात वरची ओळ आधी ओढा, कारण कोपऱ्यावर सगळ्यात जास्त जोर तीच टाकते. मग खालच्या. शेवटची ओळ ओढून झाल्यावर वरची पुन्हा कॅन टांगून तपासा. ती ढिली पडली असेल तर तारेला काही झालेलं नाही, कोपरा सरकला आहे; तो आधी दुरुस्त करा. पाचही ओळी ओढून झाल्याशिवाय मधल्या खांबांच्या गाठी मारू नका. तोवर तार तात्पुरती सुतळीनं उंचीला टांगून ठेवा.

नाला किंवा घळ ओलांडताना ताणलेली तार खांबाला वर उपसते. तिथल्या खोलगट जागेतल्या खांबाला कोपऱ्यासारखं काँक्रीट द्या आणि तिथल्या गाठीत तार भोकाच्या खाली नाही, वर ठेवा, म्हणजे उचलणारी तार पट्टीच्या कडेवर नाही तर गाठीच्या दोन्ही पायांवर अडते. तिथे १२ गेज तारच वापरा. खाली मोकळी राहिलेली फट वेगळ्या तुकड्यांनी, मुख्य तारेला न जोडता बंद करा. पुरानं काडीकचरा अडकला की तेवढेच तुकडे वाहून जातील, सगळी ओळ नाही.

झटका मशीन लावायचा विचार असेल तर काटेरी तारेत झटका सोडू नका. काट्यांत अडकलेल्या जनावराला किंवा माणसाला सुटता येत नाही. त्यासाठी वेगळी गुळगुळीत तार, प्रत्येक खांबावर इन्सुलेटर आणि काटेरी तारेपासून अंतर हवं. घरगुती वीज थेट कुंपणात सोडणं हा तर गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मरतात.

तुमच्या एक एकराच्या चौकोनी तुकड्याचा घेर साधारण ८३५ फूट, म्हणजे २५४ मीटर. खांब सुमारे ८४, पाच ओळींच्या ४२० गाठी. ३० सेंटिमीटरप्रमाणे १२६ मीटर गाठीची तार, १४ गेज असेल तर साडेतीन किलो घेऊन ठेवा. काटेरी तार अजून चांगली असेल तर ती बदलायची गरज नाही. काट्यांजवळ तांबूस पूड सुटत असेल आणि नखानं खवले निघत असतील तरच नवी घ्या. १२ गेजची तार किलोला आठ ते दहा मीटर भरते, तेव्हा पाच ओळींना १३० ते १६० किलोचा अंदाज धरा.

दुरुस्ती एकदम सगळी उघडून करू नका. एक बाजू घ्या. आधी तिचे दोन्ही कोपरे सरळ करून टेकू योग्य बाजूला आणा, काँक्रीट भरा. सात दिवस तार जशी आहे तशी लोंबू द्या, फाटकापाशी कुणीतरी बसवा किंवा बोराटीचं झाडोरं लावा. मग त्या बाजूच्या जुन्या काळ्या गाठी कापून काढा. तुकडे खाली पडू देऊ नका, बादलीत गोळा करा. कडब्यात गेलेला तारेचा तुकडा गाईच्या पोटात जातो आणि आतून टोचतो. तार पुलरनं ओढा, कॅन टांगून बघा, टोकं बांधा, शेवटी मधल्या गाठी मारा. मग पुढची बाजू.